तिन्ही मशिनं एका तालावर

१४ ऑक्टोबर, मंगळवार

चि. खारूस,

आईचे आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा. गेल्या दोन्ही फोनवर खोकत होतीस आणि वर 'काही नाही गं' म्हणालीस. डॉक्टरकडे जा.

आम्ही मजेत आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, बाबा कुरकुरत नाहीत. मला डेपोतून नवी बस मिळाली आहे. ब्रेक इतका तिखट, की पहिल्याच दिवशी मागच्या सीटवरचे दोघं थेट पुढे माझ्या भेटीला आले. एका आजोबांनी तर मला लायसन्स दाखवायला सांगितलं! बावीस वर्षं बस चालवून हे ऐकायचं होतं.

पत्र कशाला, फोन आहे की, असं म्हणशील. फोनवर तू 'हं, बोल' म्हणतेस आणि मागे तुझ्या ऑफिसातल्या कीबोर्डची टकटक चालू असते. शिवाय एक गोष्ट मला बोलून सांगायला जमत नाहीये, चार वेळा प्रयत्न केला. ती रविवारच्या आत तुला कळायला हवी. पण आधी मशिनांचं सांगते.

तुझी मशिनं घेणारे ते संगीताचे सर रविवारी अकराला येतायत. 'तिन्ही एकत्र वाजताना दाखवा, मगच नेतो,' ही त्यांची अट. म्हणून तू पाठवलेला जोडणीचा कागद घेऊन मी आणि बाबा शनिवारी सकाळी तुझ्या खोलीत शिरलो. दोन वर्षांनी त्यांच्यावरच्या चादरी काढल्या. ठोके देणारं ते चौकोनी मशीन, लाकडी कडांचा, सूर काढणारा जुना सिंथ, आणि मधे तो सोळा बटणांचा सिक्वेन्सर, जो स्वतः मुका आणि बाकीच्यांकडून सगळं वाजवून घेतो. बाबा म्हणाले, 'हा माझ्या सासूबाईंवर गेलाय.' मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पहिला तास फुकट गेला. वायरी जोडल्या, दिवे लागले, आवाज शून्य. मी कागद उलटा-सुलटा करून पाहिला, बाबांनी मशीनवर टपली मारून पाहिली. शेवटी टेबलाखाली टॉर्च धरून बघितलं तर मी 'आउट'ची वायर 'आउट'मध्येच खुपसली होती. दोघंही बोलतायत, ऐकायला कोणी नाही!

ते सुधारलं तर पुढचा घोळ. तू लिहिलं होतंस की घड्याळ, म्हणजे ताल, एकाचंच चालवायचं, बाकीच्यांना 'बाहेरून' वर ठेवायचं, म्हणजे ते त्याच्यामागून जातात. मी घाईत तिघांनाही आपापल्या घड्याळावर ठेवलं. सुरुवातीला एकत्र वाजले, बरं वाटलं. मिनिटभरात सिंथ मागे रेंगाळायला लागला, ठोके पुढे पळाले, आणि असा गोंधळ झाला की शेजारच्या शिंपीणबाईंनी 'सगळं ठीक ना?' म्हणून दार वाजवलं. मग बाबा म्हणाले, 'तू बाजूला हो, मी बघतो.' त्यांनी चष्मा पुसून तिघांनाही 'बाहेरून' वर टाकलं. प्ले दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेले, आधी तुम्ही, आधी तुम्ही. मी खाली बसून हसले. इतकं की डोळ्यांतून पाणी आलं आणि ते थांबेना, तेव्हा बाबांनी विचारलं, 'काय झालं गं?' मी म्हणाले, धूळ.

अखेर सिक्वेन्सरला पुढे ठेवला, दोघांना त्याच्यामागे, आणि एकदाचं जमलं. तू लिहिलं होतंस, एक नंबरवर आधी सेव्ह केलेलं जे काही असेल तेच वाजवून दाखवा, बाकी सगळं लाईट गेली त्या दिवशी पुसलं गेलं. दाबलं. सोळा दिवे ओळीने पळायला लागले. आणि ठोक्यांच्या जागी टिक, टॉक, टिक, आणि मधेच एक अडखळणं. बाबा म्हणाले, 'अगं, हा तुझ्या जुन्या बसचा इंडिकेटर!'

तोच होता, खारू. डावीकडे वळताना लंगडायचा. शाळा सुटल्यावर तू पुढच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसायचीस आणि त्याच्याबरोबर जीभ टाळ्याला लावून टकटक करायचीस. तो तू कधी रेकॉर्ड केलास मला माहीत नाही. त्या नाटक कंपनीसाठी तू जे संगीत करत होतीस ते ह्याच्यावर उभं होतं का? चार दिवस तू त्या खोलीत होतीस आणि मी दारातून फक्त 'जेवायला चल' एवढंच म्हणत होते. काय करतेयस, हे एकदाही विचारलं नाही.

आता लिहिते.

त्या दिवशी लाईट गेली नव्हती.

मी डबल ड्यूटी करून आले होते. पाय सुजलेले, सकाळी एका प्रवाशाने भर बसमध्ये नको ते ऐकवलेलं. पान वाढलं, तुला तीन हाका मारल्या. तू कानांवर ते मोठे हेडफोन लावून बसलेली, मान हलवतेयस. माझं डोकं फिरलं. दाराशेजारचा मेन स्विच खाली केला. दहा मोजले आणि परत वर केला. वाटलं, दोन मिनिटं चिडेल, जेवेल, विसरेल. 'मशीन बंद करायचं नाही' म्हणून तू दाराला चिठ्ठी लावली होतीस. मी ती वाचली होती.

तू बाहेर आलीस ती पांढरीफटक होऊन. 'आई, लाईट गेली का गं?' आणि मी म्हणाले, 'हो, गेली होती वाटतं.'

तेव्हाच सांगायला हवं होतं. तू रडत होतीस तेव्हा, नाटकवाल्यांना फोन करून 'माझ्याकडे द्यायला काही नाही' म्हणालीस तेव्हा. तू स्वतःला बोल लावत राहिलीस, 'जिला सेव्ह करायचं सुचत नाही तिने हा उद्योग करूच नये.' मी शेजारी बसून तुझ्या केसांवरून हात फिरवत होते. मग तू ती ऑफिसातली नोकरी धरलीस आणि गेलीस. तू वेंधळी ठरलीस आणि मी ठरू दिलं. लाज वाटायची, आणि दिवसागणिक जास्त वाटायला लागली. भीती एकच होती, तू माझ्याशी बोलणं टाकशील.

बाबांना शनिवारीच सांगितलं. ते बराच वेळ वायर गुंडाळत बसले. मग म्हणाले, 'तिला सांग. मी तुझ्या वतीने सांगणार नाही, आणि तुझी बाजूही घेणार नाही.' तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाहीत. बरोबर आहे त्यांचं.

संगीताच्या सरांना मी 'येऊ नका' म्हणून कळवणार होते. फोन हातात घेतला आणि परत ठेवला. वस्तू तुझ्या आहेत. तुला न विचारता मी एकदा ठरवून पाहिलंय. तुला विकायच्याच असतील तर विक, नोकरी आवडत असेल, तिकडच्या खोलीत जागा नसेल, मन उडालं असेल, कशासाठीही विक. मी स्वतः खोक्यात भरून देईन, हूं की चूं करणार नाही. फक्त तू वेंधळी आहेस म्हणून विकू नकोस. ते खोटं आहे आणि ते खोटं माझं आहे.

येत्या शनिवारपर्यंत तुझा फोन आला नाही तर सर येतील, मी तिघांना वाजवून दाखवीन आणि ते घेऊन जातील. फोन केलास तर हवं ते बोल. मी मधे बोलणार नाही, कधी नव्हे ते.

पोरी, मला माफ कर. लगेच नको करूस, पण कर.

मेन स्विच बंद करणारी,
तुझी आई