कलम कोणाच्या घरी जातं

माय, भाजी विकणारीची भाजी त्याच संध्याकाळी शिजते आणि कडू निघाली तर दुसऱ्या दिवशी बाजारात चार शब्द ऐकून घेतले की विषय संपतो. आपल्या धंद्यात तसं नव्हतं. संत्र्याचं कलम आज नेलं, लावलं, जगवलं, तरी फळ धरायला पाच-सहा वर्षं जातात. तोवर ते खरं की खोटं हे ना घेणाऱ्याला कळतं, ना देणाऱ्याला. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाच्या सालीला चाकूनं खाच पाडायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा काढून त्या खाचेत बसवायचा आणि केळीच्या सोपटाच्या पट्टीनं बांधून टाकायचा, एवढंच आपलं काम. लावलेलं कुठलंही झाड सारखंच हिरवं दिसतं. म्हणून माणूस कलम बघत नाही, कलम देणाऱ्याचं तोंड बघतो. हे मला पुष्कळ उशिरा समजलं. तुला बाबा गेले त्याच वर्षी समजलं असणार.

तेव्हा लोक तुझं तोंड बघायलाही तयार नव्हते. बडनेऱ्याच्या रस्त्याला आपला तो जमिनीचा तुकडा, त्यात शेवंती आणि झेंडू, विहिरीच्या बाजूला वांगी, आणि बाबांनी डोळे बांधून ठेवलेली रोपं. बाजारातले कलमवाले उघड म्हणायचे, विधवा बाईच्या हातचं झाड आपल्या वावरात कोण लावणार? तू त्यांच्याशी भांडली नाहीस. लग्नाकार्याला आपल्याकडून फुलं नेणारी घरं होती, अमरावतीची होती, तशी मूर्तिजापूर-अकोल्याकडचीही होती. तू त्याच घरांच्या दारात गेलीस. फुलांबरोबर दोन कलमं घेऊन जायचीस आणि पुरुषांशी न बोलता थेट चुलीपाशी जाऊन बसायचीस. घरातल्या बाईला दाखवायचीस, ही इथं गाठ आहे ना, तिच्या खालून फुटवा आला तर तो नखानं खुडायचा, नाहीतर खालची जंबेरी वर येते आणि संत्रा मरतो. पुढच्या पावसाळ्यात तू पुन्हा त्या दारात हजर. कलम बघायचीस, पण त्याआधी सासूचा गुडघा कसा आहे हे विचारायचीस. आणि आपल्याकडे कोणी कलमं न्यायला आला, की आधी त्याच्यापुढे जवारीची भाकर आणि वांग्याची भाजी. त्याचं जेवण होईपर्यंत तू कलमांचं नाव काढायची नाहीस. जेवता जेवता माणूस आपली जमीन, विहीर, भावांची भांडणं सगळं सांगतो, आणि तू चुलीपुढे बसून ऐकत असायचीस.

मी मॅट्रिक झाले होते आणि मला धंदा कळतो असं मला वाटत होतं. पूर्णेकाठचा एक शेतकरी आला, बैलगाडी भरून कलमं न्यायच्या तयारीनं. जेवला. जमीन कशी म्हणून तू विचारलंस, तो अभिमानानं म्हणाला, काळी, खोल, पाणी आठ-आठ दिवस हटत नाही. तू हात धुतलेस आणि म्हणालीस, "भाऊ, तुमाले कलमं देत नाई. तुमच्या वावरात संत्रा सडते. केळी लावा." तो हसला, मग चिडला, मग रिकामी गाडी घेऊन गेला. मी दिवसभर तुझ्याशी बोलले नाही. शेवटी मी म्हणाले, त्याला हवं होतं, तो घेत होता, तुझं काय जात होतं? तू भाकरी थापता थापता मान वर केलीस. "पोरगी देताना घर पायतो ना आपन? मंग? कलम कोनाच्या घरी जाते हे पाहाले नको? त्याची झाडं मेली तर तो जमिनीले नाव नाई ठेवनार, मले ठेवनार." मला तेव्हा ते हट्टीपणाचं वाटलं. पुढे त्या माणसाची केळी चांगली आली आणि त्यानं मेव्हण्याला आणि त्याच्या अर्ध्या गावाला आपल्याकडे पाठवलं, तेव्हा कलमं मीच मोजून दिली.

मग ते वाईट साल आलं. महाराष्ट्र झाला त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आपली विहीर तळाला गेली आणि ज्या जुन्या झाडांवरून आपण डोळे घेत होतो ती वाळली. गिऱ्हाइकांना तू शब्द देऊन बसली होतीस. तू दुसऱ्या एका बागेतून डोळ्यांच्या काड्या आणल्यास. मालक ओळखीचा होता, झाडं भरदार होती. फळांचा हंगाम नव्हता, त्यामुळे त्या झाडांचं फळ चाखणं झालं नाही. ती कलमं पोसली, विकली, लोकांनी लावली आणि आपण विसरूनही गेलो.

काही वर्षांनी बाळापूरकडचे एक पाटील बाजाराच्या दिवशी आले. तू फुलांच्या दुकानापाशी बसली होतीस, मी बाजूला हार ओवत होते. समोरच्या रांगेत सगळे कलमवाले. पाटलांनी पिशवी उलटी केली, संत्री रस्त्यावर गडगडत गेली. जाड सालीची, पिळली तर चोथाच हातात येणारी. "बाई, हे काय देलं तुमी मले? पोरासारखी पोसली ना मी झाडं! ढोरंबी तोंड नाई लावत याले!" माय, त्या वेळी कोणीही कलमवाला काय बोलला असता हे सगळ्यांना ठाऊक होतं. जमीन खराब, पाणी खारं, खत चुकलं. रांगेतल्या एकानं तर तुला हळूच सुचवलंही. तू एक फळ उचललंस, सोललंस, सगळ्यांसमोर एक फोड तोंडात घातलीस आणि चावून गिळलीस.

"पाटील, कलम माह्या हातचं हाय. डोळा खोटा निघाला. चूक तुमच्या जमिनीची नाई, माही हाय."

बाजारात कोणी असं बोलत नाही. रांगेत हशा पिकला. पाटलांना एवढ्या लवकर भांडण संपलेलं नको होतं, ते आणखी थोडा वेळ ओरडले आणि निघून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. घरी येताना मी म्हणाले, आता झालं ते झालं, पण त्या साली कलमं नेलेल्या बाकीच्यांना अजून काही माहीत नाही. बऱ्याच जणांची झाडं अजून धरलेली नाहीत. गप्प राहू. कोणाची चांगली निघाली तर निघाली.

तू चालता चालता थांबलीस. "त्याईले माईत नाई, म्हनूनच तर जा लागते. अजून दोन-तीन वर्सं ते त्याच झाडाईले पानी घालत राह्यतीन, बाई."

आणि आपण निघालो. कोणत्या घरी त्या साली कलमं गेली ते तुला सगळं पाठ होतं. कोणाच्या घरी तेव्हा बारसं होतं, कोणाची गाय व्यायली होती, तशा खुणांनी. बडनेऱ्याहून आगगाडी, मूर्तिजापूरहून चालत, कधी कोणाच्या बैलांच्या दमणीत, पुढे अकोल्यापर्यंत. दारात उभं राहून तू प्रत्येक ठिकाणी तेच सांगायचीस: झाडं खोटी आहेत, फांद्या छाटा, नवे फुटवे येऊ द्या, हिवाळ्यात मी स्वतः येऊन फळ चाखलेल्या झाडांचे डोळे बांधून देईन. एकानं तुला उभ्यानं परत पाठवलं. एक म्हातारी रडली. मी प्रत्येक दारात तुझ्या मागे उभी असायचे, आणि तुझ्या पदराआडून मला तुझी मान दिसायची, ताठ, घामानं ओली.

सगळ्यात कठीण घर मूर्तिजापूरच्या पुढचं होतं. तिथले गुरुजी शाळेत शिकवायचे. छप्पन साली धम्म घेतलेलं कुटुंब. जमीन थोडी, बांधावरच्या विहिरीला पाणी थोडं, आणि दोघं नवराबायको घागरीनं झाडं जगवत होती. बाजारातल्या एकाही कलमवाल्यानं त्यांच्या घरी पाणी घेतलं नव्हतं. तू कलमं देतानाच त्यांच्याकडे जेवली होतीस. झाडं खांद्याइतकी झाली होती, काळीभोर, देखणी. तू सांगितलंस तशी गुरुजींच्या बायकोनं हातातली घागर खाली ठेवली.

"माय," गुरुजी तुला म्हणाले. तुझ्याहून थोडे मोठेच असतील, तरी माय म्हणाले. "तुमी आल्या नसत्या, तर आमी काय समजलो असतो? का आमचंच नशीब आंबट."

मग ते घरात गेले आणि स्वतः कोयता घेऊन आले. पहिली फांदी त्यांनीच छाटली. त्या हिवाळ्यात आपण त्यांच्याकडे मुक्कामाला राहिलो. तू डोळा बसवायचीस, मी बांधायचे आणि त्यांची बायको शेजारी बसून शिकायची. जाताना तिनं तुझ्या ओटीत मूठभर तांदूळ घातले. विधवेची ओटी कोणी भरत नाही, हे तिला माहीत असणारच. तू पदर पसरलास.

पाटील पुन्हा कधी आले नाहीत. तुला उभ्यानं परत पाठवणाराही आला नाही. त्या पावसाळ्यात आपली निम्मी कलमं वाफ्यातच राहिली, आणि मला वाटलं, संपलं सगळं. पण गुरुजी जिथे बदलून जातील तिथे आपलं नाव सांगत गेले. पुढच्या वर्षी अकोल्याकडून माणसं येऊ लागली. त्यांतला एक जण मला म्हणाला, "ज्या बाईनं आपल्या पायानं येऊन खोट्याले खोटं सांगतलं, तिचं खरंबी खरंच असन." तू ते ऐकलंस आणि त्याला आधी जेवायला बस म्हणालीस. तू गेलीस तेव्हा रस्त्यावर दमण्यांची रांग लागली होती. कलमवालेही आले होते. हसले होते तेही.

तुझ्यामागे मी हा धंदा चालवला, वाढवला, नातवंडांच्या हाती दिला. लोक म्हणतात, आईसारखीच माणसं धरून आहे. माय, तुला म्हणून सांगते. मला माणसांत जायला कधीच आवडलं नाही. कोणाच्या लग्नाला जाऊन आले की मी दार लावून पडून राहते, चेहरा हसून हसून दुखतो. सासवांचे गुडघे मी विचारते, कारण तू विचारायचीस. इतकी वर्षं वाटत होतं, तुला हे सगळं आतूनच येत होतं आणि माझ्यात ते नाही. पण आता तुझ्या त्या वयाच्या कितीतरी पुढे आल्यावर वाटतं, तूही कोणत्याशा दारातून परतताना थकून गप्प होत असशील. मी शेजारून चालत होते, आणि विचारलं नाही.

हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाहीच. उद्या अकोल्याला गुरुजींच्या पणतीचं लग्न आहे. मला अजिबात जावंसं वाटत नाही. लुगडं काढून ठेवलंय.