उन्हात ठेवलेले सेल

प्रिय भान्या,

काल तुझा दहावा झाला. सगळं आटोपून निघताना वहिनींनी मला एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडतोय. समोर बसून भांडायला तू राहिला नाहीस, म्हणून हा कागद घेतला.

बारावीला होतो आपण. आमच्या ताईच्या लग्नासाठी सनई भरून घ्यायला जुन्नरच्या पेठेत गेलो, तर कॅसेटवाल्याने एक कॅसेट काढली. "कुनीतरी इंग्रजी भंगार टाकून गेलंय. हिच्यावरच भरून देऊ का?" तू म्हणालास, "थांबा राव. आधी ऐकू तर द्या." तू बोलला नसतास तर त्या बिचाऱ्यांवर सनई चढली असती.

बँडचं नाव खरवडून गेलेलं. गाणी संपता संपायची नाहीत, म्हणून आपण त्यांना 'लांबवाले' म्हणायचो. गिटारचे तेच तेच तीन सूर, मधेच पत्रा घासल्यासारखा आवाज, आणि एक बाबा खोल आवाजात काहीतरी पुटपुटतोय. तुझी आई म्हणायची, "आरं, त्या मानसाला बरं न्हाई का?" पण आपल्याला लई भारी वाटायचं! का, ते आजही सांगता येणार नाही. अख्ख्या तालुक्यात त्यांचे चाहते दोन, राजुरीचा मी आणि निमगाव साव्याचा तू. अध्यक्ष तू, सचिव मी, सभासद कुणीच नाही.

कालव्याचं पाणी सुटलं की तू कांद्याला दारं धरायचास, वाफ्या-वाफ्यात पाणी वळवायचास आणि मी सायकल हाणत यायचो. बांधावर टेप. सेल उतरले की तू ते पत्र्यावर उन्हात ठेवायचास, तापले की परत घालायचास. एका गाण्यात दोन वाफे भरायचे, आठवतं? कॅसेटची एक बाजू संपली की मी घरी निघायचं, ही आमच्या अण्णांची ताकीद. उशीर झाला की रस्त्यावर उभे असायचे ते.

मग मला पुण्यात नोकरी लागली. ऑफिसातल्या एकाने एक सीडी लावली आणि मी ताडकन उठलो. आपले लांबवाले! पण गाणी पळत होती, आणि तो बाबा चांगला तरणाताठा वाटत होता. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. उतरलेल्या सेलांवर आपला टेपच हळू फिरत होता. इतकी वर्षं आपण भलतंच ऐकलं.

ही गोष्ट मी तुला एकट्याला सांगायला हवी होती. पण मला शहाणपणाची खाज! तुझ्या मुलीच्या बारशाला मी सीडी प्लेयर घेऊन आलो, पावण्यांसमोर ते गाणं लावलं आणि म्हणालो, "बघा, हे खरं गाणं. आणि आमचे अध्यक्ष मेलेल्या सेलांवर माना डोलवत बसायचे." सगळे हसले. तुझे सासरेही हसले. तू एवढंच म्हणालास, "बंद कर, पोरगी उठंल."

त्यानंतर सात वर्षं तू राजुरीला आला नाहीस आणि मी निमगावला गेलो नाही. मला वाटायचं, याला खरं पचत नाही. दर दिवाळीला ठरवायचो, जाऊ या. मग म्हणायचो, तो का येत नाही? आणि आठ दिवसांच्या काविळीत तू गेलास. मला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

काल वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्यांना पयल्यापासनं ठावं व्हतं. नवं सेल घातलं की गानं पळतंय, आन् बाजू लवकर संपली की तुमी लवकर सायकल काढता. म्हनून नवं सेल घरात असून घालायचं नायत."

भान्या, अरे मेल्या, हे तू बारशाच्या दिवशी का बोलला नाहीस? तोंडावर सांगितलं असतंस तर मी तिथेच गप्प झालो असतो. मला लाज वाटू नये म्हणून ऐकून घेतलंस का? की एवढा राग आला होता? मी किती वेळा विचारलं तरी आता काय उपयोग. माझं चुकलं. हे सात वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं आणि एका एस.टी.च्या अंतरावर होतास तू.

तुझी सई काल माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "काका, मला बाबांचं गानं म्हनता येतंय." आणि तिने ते म्हटलं. ना धड सीडीतलं, ना धड कॅसेटमधलं, मधे तिचे स्वतःचेच शब्द. माझ्या ओठांवर आलं होतं की, बाळ, हे असं नाहीये.

नाही बोललो. आणि कधीच बोलणार नाही. तिला जसं ऐकू येतं तसं ती म्हणेल, आणि मी शेवटपर्यंत बसून ऐकेन. हा माझा तुला शब्द.

तुझा,
शिवा