मामांची पटाशी आणि माझे तीन ग्राइंडर

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या आठांपैकी पाचच अंगांचा; उरलेली तीन भेटीत.) तुमचा खोकला गेला का? गुडघा कसा आहे? हाताच्या कंपाविषयी विचारत नाही, विचारलेलं तुम्हाला आवडत नाही.

इकडे सगळं ठीक. तुमच्या तान्ह्या नातीला आठवा महिना लागला. तिच्या पाळण्याला लेथवर कातलेल्या दांड्या सोळा लागतात, त्यांतल्या अकरा झाल्या. लेथ मला देताना तुम्ही बजावलं होतंत की कातारी लेथवरून नव्हे, धारेवरून ओळखला जातो. ते मी मनावर घेतलं आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

तुम्ही दिलेल्या गोल पटाशीसाठी पहिला ग्राइंडर घेतला तो कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या सांगण्यावरून. (तो पंखे विकतो, पण मत सगळ्यावर देतो.) त्याचं चाक इतकं वेगात फिरे की पटाशी टेकवली न टेकवली तोच टोक निळं पडायचं. निळं पोलाद मऊ झालं म्हणून ते घासून काढायचं, घासताना पुन्हा निळं. हा उद्योग आठवडाभर चालला. मग पाण्यात बुडून सावकाश फिरणारं चाक आणलं. ते इतकं सावकाश फिरे की समोर बसल्या बसल्या माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा पटाशीची एक बाजू निम्मी झाली होती. तुमची भाचेसून एवढंच म्हणाली, "कातायचं लाकूड होतं ना?"

शेवटी अक्कल आली. मध्यम वेगाचा ग्राइंडर, पांढरं चाक आणि पुढे पटाशी पकडून ठेवणारा चिमटा. पटाशी चिमट्याबाहेर दर वेळी तेवढीच काढायची, म्हणजे धारेचा उतार दर वेळी तोच येतो. मापासाठी फळीवर खिळा ठोकला, तुमच्यासारखी उतारावर शाई फासली आणि चाक हातानं फिरवून पाहिलं. शाई उतारभर सारखी निघाली, म्हणजे कोन बरोबर जुळला. मामा, दहावी पास झालो तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता. (तो निकाल तुम्हाला आठवत असेलच.) आता घरातल्या सुऱ्या, शेजारच्या शिंपिणीच्या कात्र्या, सगळं माझ्याकडे येतं. मी सुखात आहे.

लोभ आहेच, पुढचं वाचून झाल्यावरही असावा.

तुमचा भाचा

ता. क. १: पटाशी सुखरूप आहे.

ता. क. २: म्हणजे, उरली आहे तेवढी सुखरूप आहे. चार बोटं लांब उरली आहे. चिमट्यात धरली तर चाकापर्यंत पोचत नाही.

ता. क. ३: तुमची दुसरी पटाशी, जिला तुम्ही कोणाला हात लावू देत नाही, ती पोस्टानं पाठवू नका. स्वतः घेऊन या. हात थरथरतो म्हणून तुम्ही काम सोडलंत. मी चिमटा घेतला तो त्याचसाठी. पटाशी त्यात एकदा आवळली की हात थरथरला तरी धार सरळच येते. मुद्दाम हात हलवून दोनदा पाहिलं. धार तुम्ही लावा, उरलेल्या पाच दांड्या मी काततो.

ता. क. ४ (भाचेसुनेकडून): मामा, चिमट्याचं खरं आहे. हे हात हलवत बसले होते तेव्हा मला वाटलं, यांनाही कंप सुरू झाला. पटाशीचं तुम्हाला कसं सांगावं म्हणून पंधरा दिवस हे पत्र चाललं आहे. खिडकीजवळच्या खाटेवर गादी घालून ठेवली आहे. या.