फुलोऱ्याची खोली

२४ जुलै २०१६, रविवार. सेम्बावांग

पोचले एकदाची परदेशात, लेकाच्या घरी. विमानात भरायला एक कार्ड दिलं, त्यावर लाल अक्षरांत काहीतरी छापलेलं. शेजारच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, अंमली पदार्थ आणले तर इथे फाशी देतात. म्हटलं, माझ्याकडे मेतकूट आणि गोडा मसाला आहे, त्याला काय शिक्षा तेवढं बघून सांगा. हसल्या बिचाऱ्या.

रुचिर विमानतळावर आला होता. वाळलाय कार्टा. हे गेल्यापासून दोन वर्षं मी कऱ्हाडात एकटी, एकदाही ये म्हणाला नाही, आणि आता एकदम तिकीटच पाठवलं. देर आए, दुरुस्त आए. मला काय, लेकाचं तोंड दिसलं, भरून पावले.

फ्लॅट झकास आहे. खिडकीत वारा असा की केस धरून बसावं लागतं. एक खोली मात्र कुलपात. ऑफिसचा प्रयोग आहे म्हणे, औषधी झाडांचा. आता फुलोऱ्यावर आलीत, ठरलेल्या वेळी मिट्ट अंधार लागतो. बँकेच्या कॉम्प्युटरवाल्यांना झाडं कशाला हवीत कोण जाणे. म्हणाला, दिवे-पाणी सगळं कॉम्प्युटरच बघतो. त्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, एकच आहे, तुझ्याकडेच राहू दे, घरची मालकीण आता तू. आल्या आल्या राज्यच मिळालं की. कमरेला खोचली.

२७ जुलै

आज खोली दाखवली. खिडकीला चंदेरी कागद, वर डोळे दिपवणारे दिवे, पंख्यांची घरघर. आणि झाडं म्हणजे थेट अंबाडी. तीच बोटांसारखी पानं. म्हटलं, अरे, लसणाची फोडणी दिली की झालं, ज्वारीची भाकरी मी करते. तर माझ्याकडे असा बघत राहिला. खत विषारी आहे म्हणाला, तोंडात घालायचं नाही. शेंड्यांना हिरवे गोंडे आलेत, त्यांवर पांढरे बारीक केस. हात लावला तर बोटं चिकटली. वास टणटणीसारखा उग्र.

या लाडावलेल्या झाडांना ऊन नको, बाहेरचा उजेड नको, आवाज नको. बाळंतिणीची खोलीच ती. मी तिला तेच म्हणते, रुचिरला आवडत नाही.

समोरच्या ब्लॉकमध्ये सोलापूरची मधुवंती राहते. लिफ्टपाशी ओळख झाली. काकू काकू करते, गोड पोर आहे.

२ ऑगस्ट, दिव्याची अवस

आज घरातले दिवे घासले, कणकेचेही केले. तिन्हीसांजेला, तेही अवसेला, घरात एक खोली काळोखी ठेवायची हे माझ्या मनाला पटेना. दार उघडलं, एक निरांजन आत ठेवलं, हात जोडले.

तेवढ्यात रुचिर आला. असा चेहरा त्याचा मी कधी पाहिला नव्हता. निरांजन पायाने उडवलं. पायाने. फुलोऱ्यात असताना अंधारात उजेड गेला की माल बिघडतो, बिया धरतात, सगळं मातीमोल होतं, असं ओरडला. आणि मग हळू आवाजात, ते मला सोडणार नाहीत.

ते कोण, विचारलं. तेल पुसत बसला. माझ्या आईने मला दिलेलं निरांजन होतं ते. काठाला पोचा आलाय.

५ ऑगस्ट

भाजी घेऊन येत होते. पलीकडच्या ब्लॉकच्या खाली, मोकळ्या जागेत दगडी टेबलाशी रुचिर बसलेला. भर दुपारी. गळ्यात ऑफिसचं कार्ड.

संध्याकाळी खोदून विचारलं. बँकेतली नोकरी केव्हाच गेली. निशिकांत नावाच्या मित्राने हे झाडांचं काम दिलंय. एवढा फुलोरा उतरला की संपलं, म्हणाला. मी म्हटलं, औषधाचं काम आहे ना, मग लाजायचं काय त्यात. त्याने मान हलवली. जेवला नाही.

वास आता माझ्या केसांतही येतो. दोनदा न्हाले.

८ ऑगस्ट, पहिला श्रावणी सोमवार

पिंडीला पांढरं फूल मिळेना. बाजार लांब. खोलीतले दोन गोंडे खुडले, पांढरे केस आहेतच की त्यांना. एक माझ्या महादेवाला वाहिला. एक मधुवंतीला नेऊन दिला, तिच्याही पिंडीवर काही नव्हतं. तिने फोटो काढून बायकांच्या ग्रुपवर टाकला. मस्त दिसत होता. बऱ्याच दिवसांनी मनाला बरं वाटलं.

९ ऑगस्ट

सगळीकडे झेंडे, यांचा राष्ट्रीय दिवस आहे.

मधुवंतीचा फोन. काकू, ते फूल कुठून आणलंत. मी फुशारकीने सांगितलं, आमच्या घरचं, माझ्या हाताने पाणी घालते. ती रडायलाच लागली. तिच्या नवऱ्याने ओळखलं. गांजा आहे तो. त्याने संडासात टाकून पाणी सोडलं, ग्रुपवरचा फोटोही पुसला. पण सगळ्यांनी पाहिला होता. पुन्हा फोन करू नका, म्हणाली.

गांजा. मी महादेवाला वाहिला आणि कार्डावरची लाल अक्षरं —

१० ऑगस्ट

रुचिरला म्हटलं, उपट सगळी, आत्ताच्या आत्ता. हात जोडले त्याच्यापुढे. उपटून टाकणार कुठे, म्हणाला. वास कुठे टाकणार. निशिकांतचा फोन बंद.

विचारलं, मला इथे का बोलावलंस रे.

तो माझ्या कमरेकडे बघत होता. किल्लीकडे. मग म्हणाला, इथे किल्ली ज्याच्याकडे, माल त्याचाच धरतात.

११ ऑगस्ट, सकाळ

झोप नाही. पंखे श्वास घेतल्यासारखे वाजतात. पोळीला वास, पाण्याला वास, या कागदालाही.

किल्ली परत देऊ शकले असते. दिली नाही. माझंच पोर आहे. चुकलं तरी माझंच.

मधुवंतीच्या खिडकीला पडदा. खाली दोन माणसं, वर बघतात —

दुपार

पंखे थांबलेत. रुचिरने वीज बंद केली. आता तिथे अंधारच अंधार. पानं दाराला घासल्यासारखी — नाही, तो माझाच पदर.

दाराबाहेर पावलं. बरीच.

दार वाजलं. रुचिरने उघडलं. मी स्वयंपाकघरात, टेबलाशी. इंग्रजीत विचारतायत, किल्ली कुणाकडे. एवढं कळतं मला.

कमरेची सोडली, हातात घेतलीय. म्हणणारच होते, खोली माझी, झाडं माझी, पोराला काही ठाऊक नाही. इंग्रजी शब्द घोकून ठेवलेत. माय प्लांट्स —

रुचिरच बोलतोय. मदर, म्हणतो. माय मदर. बोट इकडे —

अरे, मीच म्हणणार होते. तेवढी तरी वाट बघायचीस, बाळा, मी तर