रक्तातले रफूवाले

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (महिनाभर डॉक्टरांनी वाकू दिलं नाही, त्याची ही भरपाई समज). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? माझी काळजी अजिबात करू नकोस. हृदयविकाराचा झटका येऊन दोन महिने झाले, मी ठणठणीत आहे आणि लाँड्रीतल्या माझ्या काउंटरवर पुन्हा रफू करायला बसतो आहे.

झटका म्हणजे काय, हे आता मी कोणालाही शिकवू शकतो. तू सगळी नोकरी नर्स म्हणून केलीस, तरी ऐक. रक्तात प्लेटलेट्स नावाच्या बारीक पेशी असतात. कुठे फाटलं की धावत जाऊन टाका घालायचा हा त्यांचा धंदा, म्हणजे माझेच व्यवसायबंधू! माझ्या हृदयाच्या रक्तवाहिनीला आतून जराशी चीर गेली, तर या मंडळींनी इतक्या उत्साहाने रफू केलं की वाहिनीच बंद. (काम पक्कं, अंदाज शून्य.) डॉक्टरांनी ती उघडून आत जाळी बसवली, तरी या रफूवाल्यांचं समाधान नाही. यांनी सूज आणणाऱ्या पेशींना हाका मारल्या. त्या आल्या मेलेला भाग साफ करायला आणि कडेचा जिवंत भागही ओरबाडून गेल्या. आपल्याकडे कोणी आजारी पडलं की मदतीला येणारे नातेवाईक आठव (तू सोडून).

तर प्लेटलेट्सना आवरायला रोजच्या गोळ्या आल्या. वर्षभर एकही दिवस चुकवायचा नाही, नाहीतर जाळी तुंबेल. म्हणजे माझ्याच धंद्यातल्या लोकांना मीच घरी बसवायचं! तरी घेतल्या. मग एके दिवशी एका वकीलसाहेबांच्या पांढऱ्या शर्टाची बाही रफू करताना सुई बोटात गेली. एरवी बोट तोंडात घातलं की विषय संपतो. त्या दिवशी रक्त थांबेचना. बोट दाबलं, मग वर धरून बसलो (समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, मला काही विचारायचंय). कापडावरचा डाग इतका बारीक, की मला दिसलाच नाही. न्यायाधीशांना दिसला. खटला मारामारीचा, वकीलसाहेब आरोपीचे. ‘माझ्या अशिलाने रक्ताचा थेंबही सांडलेला नाही’ म्हणत त्यांनी हात उंचावला, आणि थेंब बाहीवर! परत येऊन ते मला जे बोलले, ते मोठ्या बहिणीला लिहिण्यासारखं नाही. तीस वर्षांत माझ्या हातून कापडाला डाग लागला नव्हता. फार मनाला लागलं.

असो. तब्येत उत्तम. हिचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. त्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या आहेत. आज नववा दिवस. ही रोज विचारते, ‘घेतली का?’ मी ‘हो’ म्हणतो आणि नुसतंच पाणी पितो.

ता. क. दुसरा: काल जिना चढताना छातीत धरल्यासारखं झालं. मी घाबरलो आहे, ताई. हिला सांगितलं तर रडेल, डॉक्टरांना सांगितलं तर चिडतील. तू मला चांगलं खडसावून पत्र लिही. मोठ्या बहिणीचा हुकूम म्हणून गोळ्या सुरू केल्या तर माझीही इज्जत राहील.

ता. क. तिसरा: पाकीट चिकटवताना लक्षात आलं, तुझं उत्तर यायला आठवडा जाईल. म्हणून आत्ताच हिला सगळं सांगून टाकलं. ती रडली नाही. मला खुर्चीत बसवलं, डॉक्टरांना फोन लावला आणि आता खाली गाडी थांबवायला गेली आहे. तू मात्र ओरडायचं सोडू नकोस. मी वाट बघतो.