व्याज धरून, व्याज सोडून

अब्बा,

काल बँकेत गेले होते. काउंटरवरची मुलगी माझ्या निम्म्या वयाची असेल, पण बोलते एखाद्या थोरल्या नणंदेसारखी. तिनं माझ्या सगळ्या ठेवींचे कागद पुढं ओढले. पीएफ किती येईल, ग्रॅच्युइटी किती, महिन्याचा खर्च किती, घराला भाडं आहे का, मुलंबाळं आहेत का, सगळं विचारून घेतलं. मुलंबाळं नाहीत, नवरा नाही, भाडंही नाही, रोशन गेटजवळच्या दोन खोल्या वडिलांनी ठेवल्यात, असं मी सांगितलं. तिनं दोन मिनिटं बटणं दाबली आणि कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला. "पुरतील, मॅडम. मुद्दलाला हात लावायचं कामच नाही. व्याजावर आरामात निघेल." मी कॅल्क्युलेटर सोडून शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी बँकेत शेजारची खुर्ची मी अजून रिकामी ठेवते, पिशवीसुद्धा मांडीवर घेऊन बसते. मग मी तिला म्हणाले, आता व्याज सोडून सांग. तिला कळेना. व्याज आलंच नाही असं धरून सांग, म्हटलं. तिनं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं आणि पुन्हा बटणं दाबली. "मग पासष्टीपर्यंत. पुढं नाही."

मी त्रेपन्न वर्षांची आहे, अब्बा. अठ्ठावन्नपर्यंत नोकरी आहे, पण डोळे अठ्ठावन्नपर्यंत नाहीत. तुम्हाला माझं काम कधी नीट सांगितलं नाही, तुम्ही आपले "दवाई की कंपनी" एवढ्यावर खूश असायचात. चिकलठाण्याला, तुमच्या जुन्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर, आम्ही दहा-बारा बायका स्टुलावर बसतो आणि इंजेक्शनच्या बाटल्या उजेडासमोर धरतो. आधी काळ्या पाटीसमोर, मग पांढऱ्या. औषधात काचेचा कण, धागा, काही तरंगताना दिसलं की बाटली बाजूला. आमची परीक्षा घ्यायला कंपनी मुद्दाम कण घातलेल्या बाटल्या आमच्या बाटल्यांत मिसळते. इतकी वर्षं मी एकही सोडली नव्हती. या खेपेला दोन सोडल्या. साहेबांनी रागावून नाही, हळू आवाजात सांगितलं, त्यामुळं जास्त लागलं. आता एकतर पॅकिंगला उभं राहायचं, आठ तास, तुमच्याकडून आलेल्या या गुडघ्यांवर, नाहीतर घरी बसायचं. शेजारच्या स्टुलावरची बाई फर्दापूरकडची आहे, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "सोड की आता. लई झालं. गुडघे गेल्यावर कंपनी काय गुडघे देणार व्हय? तुझ्यामागं खाणारं नाय कुणी, मग कुणासाठी मरतीस?" तिला काय सांगणार? मला विचारणारं कुणीतरी आहे, ते फक्त जिवंत नाही, असं सांगितलं असतं तर तिनं मला दर्ग्यावर नेलं असतं.

व्याज हराम, ते घरात ठेवायचं नाही, हे तुमचं प्रकरण मला कळायला लागलं तेव्हा मी शाळेत होते. वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये, तुम्ही पासबुक माझ्यापुढं धरायचात. तुमची शाळा निजामाच्या वेळची, उर्दूतली. मराठी तुम्ही कारखान्यात बोलून शिकलात, पण वाचायला कधी बसला नाहीत. मला मात्र मराठी शाळेत घातलंत. मोहल्ल्यात कुणी टोकलं की म्हणायचात, "जिधर का दाना खाना, उधर की जबान सीखना." तर पासबुकात व्याजाची ओळ कुठली ते मी बोट ठेवून दाखवायची. तेवढेच रुपये काढायचे, पाकिटात ठेवायचे नाहीत, कागदात गुंडाळायचे, आणि गल्लीच्या सार्वजनिक संडासाचा खर्च बघणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातात द्यायचे. कडी तुटली, पाइप फुटला, बादली फुटली, सगळं तुमच्या व्याजातून. पुण्याच्या कामाला, मशिदीला का नाही देत, मी विचारलं होतं. "ये सवाब का पैसा नहीं बेटा. घर से निकालना है, बस." मला तेव्हा हसू आलं होतं. आपल्या गल्लीतल्या संडासाइतका नवा नळ आपल्या घरातसुद्धा नव्हता.

पैसा आपोआप वाढतो यावर तुमचा विश्वास नव्हता, कारण तो आपोआप कमी होताना तुम्ही बघितला होता. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि पुढं निजामाचा हाली रुपयाही जायला लागला तेव्हा तुमचं मिसरूड नुकतं फुटत होतं. दादांबरोबर, म्हणजे तुमच्या अब्बांबरोबर, तुम्ही रांगेत उभे राहिलात. सात हाली दिले की सहा कलदार, म्हणजे हिंदुस्थान सरकारचे रुपये, मिळायचे. दादा समजावत होते की किंमत तीच आहे, कलदार भारी आहे. तुम्ही ऐकलं नाहीत. "सात दिए, छे लिए. एक किधर गया?" हे तुम्ही म्हातारपणीही विचारायचात, जणू तो सातवा रुपया मीच उचललाय.

म्हणून रिटायर झालात तेव्हा हिशेब असा केलात, जसा दुसऱ्या कुणी केला नसेल. बाकीचे फंडाचे पैसे ठेवीत टाकून व्याजावर बसले. तुम्ही मुद्दल मोजलंत, आपल्या घराण्यात सत्तरी कुणी बघितली नाही हे धरलंत, आणि सत्तरपर्यंतच्या महिन्यांनी भागलंत. दर महिन्याला एक हिस्सा. लेथवर सूत न चुकणारा माणूस, आयुष्यही तसंच मापात कापायला निघाला. आणि मग सदुसष्टावं लागलं, तब्येत ठणठणीत, आणि तुम्ही घाबरलात. चांगल्या तब्येतीला घाबरलेला माणूस मी दुसरा बघितला नाही. हिस्सा अर्धा केलात. वर्षभरानं आणखी कमी केलात.

स्वयंपाकघरात पहिल्यांदा लक्षात आलं ते दूध. मी पहिल्या पाळीहून आले, चहा टाकला आणि दूध शोधायला लागले, तर पातेलं पालथं. तुम्ही दारात उभे. "मेरेकू काली चायच अच्छी लगती अब." जन्मभर मलईचा चहा प्यालेला माणूस! मग दुपारची भाकरी दोनाची एक झाली. मग एक दिवस केर काढताना तुमच्या उशाशी गोळ्यांचा डबा उघडा सापडला. रक्तदाबाच्या गोळ्या ब्लेडनं कापलेल्या, सगळ्या अर्ध्या, अगदी मधोमध. तिथंही तुमचा हात चुकला नव्हता.

माझा पगार घ्या म्हणायची सोय नव्हती. पहिल्या पगाराचं पाकीट मी तुमच्या हातात ठेवलं होतं तेव्हा तुम्ही ते विस्तव लागल्यासारखं परत केलं होतंत. "बेटी की कमाई बाप खाता क्या? तेरे बुढ़ापे के वास्ते रख." इतकं कडक तुम्ही माझ्याशी त्याआधी कधी बोलला नव्हतात. व्याज खायचं नाही, लेकीचं खायचं नाही. मग तुम्ही खाणार काय होता, अब्बा? मी तेव्हा कंत्राटावर होते, हातावर पोट. त्या पगारात तुमचं दूध आणि तुमच्या गोळ्या बसत नव्हत्या.

त्या जूनमध्ये तुमचे गुडघे धरले होते, म्हणून व्याज काढायला मी एकटी गेले. संडास तोवर पालिकेनं पाडून नवे बांधले होते, म्हाताराही वारला होता. आता हे पैसे घाटीच्या सरकारी दवाखान्याबाहेर बसलेल्या पेशंटच्या गरीब नातेवाइकांना देत जा, असं तुमचंच सांगणं होतं. मी गेले पण. रिक्षातून उतरले, कागदाची गुंडाळी मुठीत घेऊन फाटकाशी उभी राहिले. एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती, माझ्याकडे बघत होती. मी वळले, समोरच्या दुकानातून तुमच्या महिन्याभराच्या गोळ्या घेतल्या, आणि घरी येताना अर्धा लिटर दूध. "कंपनीत मिळतं," मी सांगितलं. "दूध सगळ्यांना देतात. औषधं तर आमच्याकडंच बनतात, फुकट मिळतात." पगारातून कापतात का, विचारलंत. नाही म्हटल्यावर म्हणालात, "मुफ्त का है तो चलता." आणि मग विचारलंत, "वो पैसे दिए?"

"हौ, दिए," मी म्हणाले.

नऊ वर्षं तुम्ही ते दूध प्यालात. गोळ्या अख्ख्या घेतल्यात. मुद्दल हळूहळू उतरत होतं तसं व्याजही उतरत होतं, पण तुमचं चालून गेलं, कारण हिशेबात नसलेलं अन्न तुमच्या ताटात येत होतं. दर जूनला, दर डिसेंबरला, मी दारातून आत आले की चप्पल काढायच्या आधी तुमचा प्रश्न. आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरून तुम्ही रोज म्हणायचात, "अल्ला कंपनीवाले का भला करे." मी चुलीकडं तोंड करून उभी राहायची. सत्याहत्तर वर्षांचे होऊन गेलात. शेवटच्या दिवशीही अर्धा कप प्यालात आणि कंपनीसाठी दुआ केलीत.

आता माझ्या मोबाइलवर व्याज जमा झाल्याचा मेसेज येतो. तो आला की मला मेसेजचा आवाज नंतर ऐकू येतो, आधी तुमचा. इतक्या वर्षांत मी माझ्या व्याजाला हात लावला नाही, देऊनही टाकलं नाही. ते मुद्दलात मिसळू दिलं आणि तिकडं बघितलं नाही. पगार येत होता तोवर बघायची गरजच नव्हती. नोकरी सोडली की बघावं लागेल. मग सकाळी दूध आणायला जाईन ते त्याच पैशांनी, आणि कंपनीचं आहे असं मला कुणाला सांगता येणार नाही. फर्दापूरवालीला वाटतं मी पैशाला भिते. बँकेतल्या मुलीला वाटतं मला हिशेब कळत नाही. हिशेब मला चांगला कळतो. व्याज धरलं तर मरेपर्यंत पुरतात. व्याज सोडलं तर पासष्टाव्या वर्षी मी ब्लेड घेऊन गोळ्या कापायला बसेन.

म्हणून ठरवलंय. सोमवारी राजीनामा देते. पॅकिंगला उभी राहणार नाही, गोळ्या कापणार नाही. तुम्हाला जे खाऊ घातलं ते मीही खाणार. तुम्ही विचाराल, विचारत राहाल, त्याची सवय करून घेईन.

हे सगळं मी मराठीत का लिहिलं ते लिहिता लिहिता लक्षात आलं. उर्दू मला येते, तुम्हीच पाटीवर गिरवून घेतलीत. पण तुम्हाला वाचता येणार नाही अशा लिपीतच माझा हात चालला. तुमच्या कबरीवर जाऊन सांगायचं म्हटलं तर तिथं तोंडातून सलामापलीकडं काही निघत नाही. ही वही कपाटातच राहील.

आणि ताकाला जाऊन भांडं किती लपवू? वर मी लिहिलंय की कंत्राटाच्या पगारात तुमचं दूध बसत नव्हतं. ते खोटं आहे. बसत होतं. कंपनीचं दूध म्हणून जे सांगितलं, ते माझ्या पगारातूनही आणता आलं असतं, तुम्हाला तेव्हाही काही कळलं नसतं, आणि तुमचं व्याज घाटीच्या फाटकाशी बसलेल्या त्या बाईला पोचलं असतं. पण त्याच बँकेत, खालच्या काउंटरला, माझी आर.डी. चालू होती. माझ्या बुढाप्यासाठी. त्या नऊ वर्षांत मी एकही हप्ता चुकवला नाही. तुम्हीच ठेव म्हणाला होतात, असं मी स्वतःला सांगत आले. तुम्ही म्हणाला होतात हे खरं, पण भीती माझी होती. ती आर.डी. पुरी झाल्यावर मी ठेवीत टाकली, आणि काल त्या मुलीनं सगळ्यात आधी मोजली ती तीच. सकाळपासून दहादा वाटलं, ती मोडावी आणि देऊन टाकावी. मोडणार नाहीये, अब्बा. तिच्याशिवाय माझं भागत नाही.