ओढायची वेळ

बाबा,

घोडीचं पोट सकाळपासून फुगलंय, तिला जनावरांच्या दवाखान्यात नेतेय. ट्रेलर जोडला, तर आपल्या छोट्या पिकअपनं फाटकापुढच्या चढावरच मान टाकली. शेवटी तुमच्या मोठ्या पिकअपच्या नव्या मालकाला फोन केला. बिचारा हातातलं काम टाकून आला, आता ट्रेलर जोडतोय.

छोटी लिटरला सोळा देते, मोठी नुसतं डिझेल ढोसते, अशी भुणभुण वर्षभर मीच लावली होती. तुम्ही एवढंच विचारलंत, "आणि ओढायची वेळ आली तर?" मी हसले होते. चुकलं माझं.

तुमची पाठीमागे घ्यायची उशी अजून त्या सीटवरच आहे. येताना उशी मागून आणते. गाडी कोणत्या तोंडानं मागू?